उशीर कोणाच्याही बाजूचा नसतो



गर्भपाताच्या प्रश्नावर या सभागृहात एकमत नाही, हे गृहीत धरूनच मी बोलायला उभा आहे. गर्भपात हा स्त्रीचा निर्विवाद हक्क मानणारे इथे आहेत. गर्भातला जीव धर्मदृष्ट्या किंवा विवेकदृष्ट्या पवित्र मानणारेही आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आयुष्य वेचलेले कार्यकर्ते आहेत आणि कायद्याच्या धाकाने गर्भपाताची केसच नको म्हणणारे डॉक्टरही आहेत. गर्भाला जीव केव्हापासून मानायचा, हा प्रश्न दोन दिवसांच्या चर्चेत सुटणार नाही आणि तो सोडवण्याचा आव मी आणत नाही. माझे म्हणणे एवढेच की तो न सुटताही बरेच काही एकमताने करता येईल, कारण या चारही गटांचे नुकसान करणारी एक गोष्ट सामाईक आहे आणि ती म्हणजे उशीर. नको असलेले गर्भारपण घेऊन बाई सहाव्या-सातव्या आठवड्यात दवाखान्यात आली तर काम सोपे असते, धोका कमी असतो आणि नैतिक पेचही तुलनेने सौम्य असतो. तीच बाई विसाव्या आठवड्यात आली तर तिची प्रकृती, डॉक्टरची परवाना जाण्याची भीती, कार्यकर्त्याचा संशय आणि श्रद्धावानाची वेदना सगळेच वाढलेले असते.

पेच न सोडवता काम करण्याची रीत आपल्याला नवी नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवेच्या पुनर्विवाहावर, तिच्या चारित्र्यावर किंवा तिच्या पोटातल्या मुलाच्या जातीवर पुण्यात कुठे एकमत होते? बाई आणि मूल दोघेही मरू नयेत, एवढ्याच किमान मुद्द्यावर ते घर उभे राहिले. पुढे 1875 च्या सुमारास पंढरपुरातही असे गृह निघाले. त्या काळी भारतीय दंड संहितेने गर्भपात करवून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवलेले होते, आईचा जीव वाचवण्याचा अपवाद तेवढा सोडून. ती चौकट बदलायला शंभरहून अधिक वर्षे लागली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा होता. 1964 साली गर्भपाताच्या प्रश्नावर केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. 1966 च्या अखेरीस त्यांचा अहवाल आला, 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. मात्र हा कायदा बारकाईने वाचला की कळते, त्याने स्त्रीला हक्क दिला नाही, डॉक्टरला अभय दिले. अमुक अटी पाळल्या तर डॉक्टर दोषी धरला जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. निर्णय अखेर डॉक्टरच्या मतावर राहिला. आज ज्याला आपण डॉक्टरांची भीती म्हणतो तिचे मूळ या रचनेत आहे. अभय काढून घेतले जाईल असे वाटताच डॉक्टर हात आखडता घेतो.

कायदा असूनही बहुतेक गर्भपात कुठे होतात, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2018 च्या आरंभी छापून आलेल्या अभ्यासानुसार 2015 साली भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. त्यांपैकी 73 टक्के दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले आणि जेमतेम 22 टक्के दवाखान्यांत. म्हणजे आपण ज्या सेवेवर वाद घालतो आहोत तिच्या दारापर्यंत चारातली एक बाईसुद्धा धडपणे पोहोचत नाही. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला आपल्याकडे 2002 साली मान्यता मिळाली. त्यासोबत मिझोप्रोस्टॉल दिले की नवव्या आठवड्यापर्यंत गर्भपात बहुतांश सुरक्षित होतो, हे जगभर सिद्ध झाले आहे. गोळ्यांनी पूर्वीच्या काड्या, मुळ्या आणि आडमार्गाने केलेले क्युरेटिंग मागे सारले, हा या औषधाचा उपकारच म्हणायचा. पण मात्रा किती, किती तासांनी, रक्तस्राव किती झाला की दवाखाना गाठायचा, गर्भ नळीत तर नाही ना, हे सांगणारे कोणी नसताना गोळ्या घेतल्या जातात तेव्हा त्याच औषधाची जोखीम वाढते. अर्धवट गर्भपात घेऊन रात्री तालुक्याच्या रुग्णालयात येणाऱ्या बायका आशाताईंना माहीत आहेत, त्याची वेगळी आकडेवारी मी द्यायला नको.

महाराष्ट्रात या कहाणीला आणखी एक पदर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपण 1988 साली केला. त्यानंतर 1994 चा केंद्रीय कायदा आला. तो कागदावरच राहिला म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज 2000 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. बीड जिल्ह्यात हा आकडा 807 पर्यंत उतरला. 2012 साली परळीचे बेकायदा स्त्रीभ्रूण गर्भपाताचे प्रकरण बाहेर आले, 2017 साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळचे. समाज हादरला, आणि हादरायलाच हवे होते. पण त्या हादऱ्यात यंत्रणेने सोपे लक्ष्य निवडले. गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर आली, या गोळ्यांच्या किटचा हिशेब मागितला जाऊ लागला, कारवाया झाल्या आणि अनेक मेडिकलवाल्यांनी डॉक्टरची चिठ्ठी असली तरी 'आम्ही ठेवत नाही' म्हणायला सुरुवात केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जे मिझोप्रोस्टॉल लागते, तेही त्या संशयात सापडले.

इथे कार्यकर्ते मित्र आक्षेप घेतील की गोळ्या मोकळ्या केल्या तर मुलींचे गर्भ पाडणे सोपे होईल. आक्षेप गंभीर आहे, पण कालगणनेशी तो जुळत नाही. सोनोग्राफीत लिंग भरवशाने दिसायला बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात आणि गोळ्यांची मान्य मर्यादा नऊ आठवड्यांची आहे. आईच्या रक्तावरून गर्भाची जनुकीय तपासणी करणारी नवी चाचणी सुमारे दहाव्या आठवड्यापासून होते, तिचाही निकाल नववा आठवडा उलटल्यावरच हाती येतो. त्या चाचणीवर कडक लक्ष हवे, याबद्दल दुमत नाही. पण सहाव्या आठवड्यात किट मागणाऱ्या बाईला मुलगा की मुलगी हे ठाऊक असणे शक्यच नसते. तिला परत पाठवले की ती सोनोग्राफीवाल्याच्या आणि दलालाच्या टप्प्यात येते. लवकरच्या गर्भपाताची वाट अडवून आपण लिंगनिवडीला ग्राहक पुरवतो, असे म्हणायला मी कचरणार नाही. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणी नोंदवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडण्याचा प्रयोग केला, तेव्हा पाळत यंत्रावर होती, बाईवर नव्हती. त्या प्रयोगाच्या उपयोगाबद्दल मतभेद असू शकतात, दिशेबद्दल मला शंका नाही.

सोनोग्राफी केंद्रात शिरताच ठळक पाटी दिसते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. ही पाटी हवीच. पण त्याच इमारतीत गर्भपाताची शासकीय मान्यता असलेला कक्ष असला, तर गर्भपात कायदेशीर आहे आणि गुप्तता पाळली जाईल, असे सांगणारी पाटी सहसा दिसत नाही. वर्षानुवर्षे भित्तिपत्रकांवर गर्भावर उगारलेला सुरा पाहिलेल्या बाईने काय समजायचे? ती समजते की सगळाच गर्भपात गुन्हा आहे, आणि महिनाभर गप्प बसते. दुसरा विलंब सहीचा. संमतीच्या 'फॉर्म सी'वर बाईचे नाव, वय, पत्ता आणि तिची सही एवढेच असते. पालकाची सही लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या मुलीच्या बाबतीत. सज्ञान बाईच्या नवऱ्याच्या संमतीसाठी त्या कागदावर जागाच नाही. तरी 'नवऱ्याला घेऊन या' असे सर्रास सांगितले जाते आणि नवरा ऊसतोडीला परजिल्ह्यात असेल तर आठवडेच्या आठवडे निघून जातात. डॉक्टर म्हणतील, उद्या नवरा भांडायला आला तर? भांडायला येणाऱ्यापासून संरक्षण द्यायची जबाबदारी रुग्णालयाची आणि पोलिसांची आहे, ती बाईच्या पोटावर टाकता येणार नाही.

अल्पवयीन मुलींचा मामला अधिक अवघड. 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक केले, त्यामुळे प्रेमप्रकरणातून दिवस गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि तिची आई दवाखाना टाळतात. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात यावर तोड काढली आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. अविवाहितेला विवाहितेइतकीच मुभा आहे, हेही त्याच निकालाने सांगितले. हा निकाल किती प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर मराठीत लावला आहे, हे आपापल्या तालुक्यात जाऊन बघावे.

व्यंग असलेल्या गर्भाच्या बाबतीत उशीर बाईचा नसतोच. गर्भाची सविस्तर तपासणी अठरा ते वीस आठवड्यांच्या आसपास होते, म्हणून कायद्यातली जुनी वीस आठवड्यांची मर्यादा ही तपासणीच्या उंबरठ्यावरच दार लावून घेत होती. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. निखिल दातार यांनी एका दाम्पत्यासोबत तिला आव्हान दिले, अपयश आले, पण चर्चा थांबली नाही. 2021 च्या दुरुस्तीने ठराविक गटांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची वाट ठेवली. त्यापुढच्या प्रकरणांत न्यायाधीशांचेही एकमत होत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सव्वीस आठवड्यांच्या एका गर्भाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते फुटली, मग तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. तिथे सहमती जबरदस्तीने आणू नये. तिथवर पोहोचणाऱ्यांची संख्या कमी करणे मात्र आपल्या हातात आहे.

श्रद्धेने गर्भपाताला विरोध करणारे विचारतील, वाट सोपी केली की गर्भपात वाढणार नाहीत का? अडवणुकीने ते घटले असते तर 2015 चा आकडा असा दिसला नसता. घटतात ते गर्भनिरोधनाने, आणि तिथे आपण सगळा भार बाईवर टाकून मोकळे झालो आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात स्त्रियांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3 टक्के आढळली. 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या महाराष्ट्राला हे शोभत नाही. गर्भाच्या जिवाची काळजी असणाऱ्यांनी पुरुष नसबंदीची शिबिरे आणि तांबीचा पुरवठा हातात घ्यावा, हक्कवादी त्यांच्या शेजारी उभे राहतील. एकमेकांचे ऐकून तोड काढणे आयर्लंडमध्ये कसे घडले ते आपल्याला परके नाही. बेळगावच्या सविता हलप्पनवार 2012 साली गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेल्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असतानाही हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला होता. त्या कॅथलिक देशाने मग 99 सामान्य नागरिकांची सभा नेमली, तिने महिनोन्‌महिने डॉक्टर, वकील आणि विरोधक ऐकले. मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी घटनेतली बंदी उठवली आणि नव्या कायद्याने बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता सेवा दिली. त्यासाठी श्रद्धा सोडावी लागली नाही.

हक्कवादी मैत्रिणींचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: आठवडे मोजत बसलात की हक्काची भाषा मागे पडते आणि उशिरा येणारी बाई दोषी ठरते. मी त्यांच्याशी सहमत आहे इतपत की उशीर हा बाईचा अपराध कधीच मानू नये. तो आपल्या व्यवस्थेचा आहे. म्हणून लवकरच्या सेवेवर भर देताना उशिरा येणाऱ्या बाईचे दार अरुंद करण्याची कोणतीही सूचना या परिषदेने स्वीकारू नये. डॉक्टरच्या मताऐवजी पहिल्या बारा आठवड्यांत बाईचे मत पुरेसे मानावे, ही कायदादुरुस्तीची मागणी मला योग्य वाटते, पण ती सर्वांना मान्य होणार नाही, म्हणून तिचा ठराव वेगळा मांडावा.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात येणाऱ्या मसुद्यात मात्र मतभेद नसावा. मान्यता असलेल्या प्रत्येक कक्षाबाहेर मराठीत पाटी, सज्ञान बाईसाठी नवऱ्याची सही न मागण्याचे लेखी परिपत्रक, तालुक्यात किमान एका मेडिकलमध्ये चिठ्ठीवर किट मिळण्याची हमी, आणि प्राथमिक केंद्रांतल्या एमबीबीएस डॉक्टरांना नऊ आठवड्यांपर्यंतच्या सेवेचे प्रशिक्षण. मसुद्याच्या प्रती दारापाशी ठेवल्या आहेत. दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी आज सायंकाळपर्यंत कार्यवाहांकडे लेखी द्याव्यात.