शाळा सुटल्यानंतरचा तास

विद्यार्थ्यांना सामाजिक कामाची गोडी लावण्याचा प्रयोग महाराष्ट्रात जुना आहे. त्याची सर्वांत ठसठशीत खूण म्हणजे राष्ट्र सेवा दल या संघटनेची संध्याकाळी भरणारी सायंशाखा. सेवा दलाची नव्याने बांधणी १९४१ मध्ये पुण्यात झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. दप्तर घरी टाकून मुले मैदानावर यायची. आधी खो-खो, कबड्डी, लेझीम, मग गाणी, आणि शेवटी थोडा वेळ गोष्ट किंवा चर्चा. या क्रमातच सारी खुबी होती. चर्चा आधी ठेवली असती, तर निम्मी मुले दुसऱ्या दिवशी फिरकली नसती. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका रांगेत उभी राहत. समतेवर व्याख्यान देण्यापेक्षा शेजारच्या मुलाच्या हातात हात घालून साखळी करणे अधिक परिणामकारक ठरले.

शाखेतून कलापथक निघाले, आणि मुलांच्या गळ्यातील गाणी चळवळीच्या कामी आली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. त्याआधी त्यांनी गावोगाव दौरा केला, त्यात सेवा दलाचे तरुण कार्यकर्ते गाणी म्हणत लोकमत जागवत होते. पुढे निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत याच कलापथकांतून घडले. गावचा पाणवठा सर्व जातींना खुला व्हावा म्हणून १९७२ मध्ये ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम सुरू करणारे बाबा आढावही विद्यार्थिदशेपासून सेवा दलाचे.

पुढच्या काळात मैदानांची जागा कमी झाली, शिकवण्यांनी संध्याकाळ व्यापली, आणि सामाजिक संस्थांना शाळेचेच दार ठोठावावे लागले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम हे त्याचे चांगले उदाहरण. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी विद्यार्थी संकल्पपत्र भरतात आणि फटाक्यांचे वाचलेले पैसे पुस्तके, खेळणी किंवा एखाद्या गरजूसाठी वापरतात. कागद लहानसाच, पण तो घरी जातो, आणि ‘यंदा फटाके नकोत’ हे वडिलांना पटवून देण्याचे काम आठवी-नववीतल्या मुलाच्या अंगावर पडते. भाषणस्पर्धेत पहिला येण्यापेक्षा हे अवघड आहे.

शाळा आणि संस्था यांच्या अशा भागीदारीत शाळेकडून वर्ग, वेळ आणि पालकांचा विश्वास मिळतो. संस्था प्रश्नाची जाण आणि शाळेबाहेरच्या जगाची ओळख करून देते. कार्यकर्ता महिन्यातून एकदा येऊन गेला आणि मधल्या काळात कोणी विचारले नाही, तर उपक्रम अहवालातच उरतो. तसे होऊ नये यासाठी शाळेतला एक तरी शिक्षक त्यात मनापासून हवा. मुलांच्या हाती तयार फलक देऊन त्यांना प्रभातफेरीत फिरवणे हा तर सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग. फलकावरचे वाक्य मुलांनीच ठरवावे, शुद्धलेखन चुकले तरी चालेल. शाळेजवळच्या गटारीचा प्रश्न घेतला, तर आधी मुलांनी ती पाहावी, किती घरांना त्रास होतो ते दारोदार विचारून वहीत लिहावे आणि ग्रामपंचायतीला अर्ज स्वतःच्या अक्षरात द्यावा. अर्जाची पोच मागून घ्यायची असते, ही गोष्टही त्यांना त्याच दिवशी कळते.