तुटेपर्यंतचं गणित



८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल धावता धावता तुटला. मागचे डबे इंजिनावर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. अंटार्क्टिकाचे समुद्र पालथे घालून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द'उर्व्हिल त्या गाडीत पत्नी आणि मुलासह गेला. रोजचाच भार अ‍ॅक्सल पेलत होता. मग तो तुटला कशाने?

उत्तर शोधणारा ऑगस्ट व्होलर हा जर्मन रेल्वेतला अभियंता. त्याची थोरवी त्याने निवडलेल्या क्रमात आहे. आधी त्याने धावत्या गाड्यांच्या अ‍ॅक्सलवर स्वतः बनवलेली मापकं बसवून ते किती वाकतात याची नोंद घेतली. त्यानंतर कारखान्यात यंत्रावर नमुने फिरवून तुटेपर्यंत वाकवले. एका झटक्यात मोडायला लागणाऱ्या भारापेक्षा कितीतरी कमी भारही लाखो वेळा उलटसुलट पडला तर पोलाद तुटतं, हे १८७०पर्यंत त्याने आकड्यांनिशी दाखवलं.

आज मोटारीचा लोअर आर्म किंवा चॅसीचा क्रॉसमेंबर तपासताना हाच क्रम पाळतात. भाग किती ताणला जातो ते मोजणारे स्ट्रेन गेज त्यावर चिकटवून गाडी खड्ड्यांतून, दगडी फरसबंदीवरून, घाटातून नेतात. हाती येते ती वेडीवाकडी रेघ. तिच्यातून चढउतारांच्या जोड्या वेगळ्या काढण्याची ‘रेनफ्लो’ पद्धत जपानमध्ये तात्सुओ एंडो आणि मात्सुइशी यांनी १९६८ मध्ये मांडली. पॅगोड्याच्या एकावर एक छपरांवरून पावसाचं पाणी जसं ओघळतं, तशा नियमाने ती मोजणी चालते.

मग तीच हालचाल प्रयोगशाळेत. चार चाकांखालचे चार हायड्रॉलिक खांब गाडीला रात्रंदिवस हलवतात, आणि गेजवरची रेघ रस्त्यावरच्या रेघेशी जुळेपर्यंत खांबांना दिलेला संकेत पुन्हा पुन्हा दुरुस्त केला जातो. गुळगुळीत महामार्गाचे निरुपद्रवी किलोमीटर गाळले, की वर्षांचा प्रवास काही आठवड्यांत आटोपतो.

खरी कसोटी इथे लागते, कारण घाई करायची तर भार वाढवणं सगळ्यांत सोपं. ताण वाढला की आयुष्य किती झपाट्याने घटतं ते सांगणारा धातूचा घातांक पाच धरला तर ताण दुप्पट केल्यावर आयुष्य बत्तीस पटींनी घटतं. अहवाल लवकर तयार होतो, पण तो खरा असेलच असं नाही. अतिभाराने धातू कायमचा वाकतो आणि तडा भलत्याच जागी सुरू होतो. सस्पेन्शनचा रबरी बुश तर फार जलद हलवला की आतून तापतो आणि रस्त्यावर कधीच फाटला नसता तसा प्रयोगशाळेत फाटतो. म्हणून जाणता अभियंता वेग कमी करतो, पंखा लावतो, पुन्हा मोजतो. शिवाय एकाच बनावटीच्या, एकाच दिवशी ओतलेल्या भागांचं आयुष्यही सारखं नसतं. त्यामुळे एक नमुना टिकला एवढ्यावर पूर्ण उत्पादनाला होकार देणं बेजबाबदारपणाचं आहे. त्या गाडीत कुणाचीतरी लेकरं बसणार असतात.

हे काम आपल्या दाराशीच चालतं. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, अहिल्यानगरजवळ व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेचे चाचणीमार्ग आहेत. चाकणच्या पट्ट्यात गाड्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत.

अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन तुम्ही बाहेर पडाल तेव्हा एक मोठं मोजमाप नव्याने करायचं असेल. विजेवरच्या मोटारीत जड बॅटरी फरशीखाली बसते. वजन वाढतं, गुरुत्वमध्य खाली येतो, मोटरचा जोर चाकांवर एकदम पडतो. बुश, बॉल जॉइंट, स्प्रिंग, सबफ्रेम या सगळ्यांवरचे भार बदलतात. पेट्रोल गाड्यांच्या जुन्या नोंदी तिथे जशाच्या तशा वापरता येणार नाहीत. गेज चिकटवून, भारतातल्या रस्त्यांवर, पूर्ण माणसं आणि पूर्ण सामान भरून त्या पुन्हा घ्याव्या लागतील, आणि ते काम तुमच्या पिढीकडे आहे.