सरकत्या दारांची निगा



मालवण-कसाल रस्त्यावरील कट्टा हें माझें गांव. उभें आयुष्य प्राथमिक शाळेंतील मुलांना वळण लावण्यांत गेलें. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं, आणि यंत्रविद्येशीं तर कधीं संबंधच आला नाहीं. तरीहि आज सरकत्या दारांविषयीं बोलण्याचें धाडस मी करीत आहें, याचें कारण आमच्या घरच्या दारानें मला उतारवयांत विद्यार्थी केलें.

आमच्या जुन्या घराला फणसाच्या लांकडाचें दार होतें. पावसाळ्यांत तें फुगावें, सुतारानें एकदां रंधा मारावा, कीं पुढें कित्येक वर्षें तक्रार नसे. पडवींत झड येऊं नये म्हणून माडाच्या झावळ्या विणून आडोसा करीत. पुढें मुंबईच्या चिरंजीवांनीं ती पडवी बंद केली आणि तीस अल्युमिनियमच्या चौकटीचीं, कांचेचीं सरकतीं दारें बसविलीं. आमच्या भागांतील नव्या घरांतून असलीं दारें आतां सर्रास दिसतात. उजेड येतो, जागा अडत नाहीं, हें मलाहि मान्य करावें लागलें.

दोन वर्षांनीं दार जड सरकूं लागलें. कोंकणी माणसाला जें सुचावें तेंच मला सुचलें. खोबरेल तेलाची वाटी घेऊन मीं खालच्या रुळांत धार धरली. आठ दिवस दार सुरळीत चाले, पुन्हां अडे, मी पुन्हां तेल घालीत असें. आमचें कुटुंब म्हणे, "तेल कित्याक ओततास? आदी त्यातलो कचरो काडा!" शिक्षकाला घरांतील सूचना ऐकण्याची संवय नसते.

१६ मे २०२१ रोजीं, रविवारीं, तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलें. वारा सुटला तेव्हां तें दार वीतभर उघडें होतें, आणि तें तेथेंच अडकलें. पाऊस थेट माजघरांत येऊं लागला. आम्हीं दोघांनीं खांदे लावले. तों दार किंचित् उचललें गेलें, खालचीं चाकें रुळावरून सुटलीं आणि सारें पाखें आमच्या कुटुंबाच्या अंगावर कललें. मीं तें कसेंबसें सांवरलें. वारा ओसरेपर्यंत आम्ही दोघें त्याला पाठ लावून बसलों होतों. बोलणें अर्थातच झालें नाहीं.

नंतर मीं हिशेब मांडला. कांच जितके मिलिमीटर जाड, त्याच्या अडीचपट किलो तिच्या एका चौरस मीटरचें वजन असतें. तीन फूट रुंद, सात फूट उंच आणि पांच मिलिमीटर जाड कांच म्हणजे जवळजवळ २४ किलो, चौकट वेगळीच. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, अडलेल्या दाराशीं झटापट करूं नये. पाखें काढावयाचेंच झाल्यास दोन धट्टीं माणसें पाहिजेत. पाखें सरळ वर उचलून वरच्या खांचेंत घ्यावें, खालची कड आपल्याकडे ओढावी, मग खालीं उतरवावें. पाखें आपोआप उचललें जाऊं नये म्हणून वरच्या खांचेंत अडसराचा तुकडा असावा लागतो. आमच्या दाराला तो नव्हताच. आपल्या दाराला आहे कीं नाहीं, हें आजच पाहावें.

रुळांत काय सांपडलें? जांभ्या दगडाची तांबडी धूळ, मेलेल्या मुंग्या, तांदळाचे दाणे, आणि या साऱ्यांना एकत्र बांधणारें माझें तेल! खोबरेल थंडींत थिजतें आणि एरव्हीं धूळ धरून ठेवतें. चाकांना तेलाची नव्हे, स्वच्छ मार्गाची गरज असते. आधीं कोरडा कचरा दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें झाडून काढावा. आधींच पाणी ओतलें तर त्याचा चिखल होतो. मग ओल्या फडक्यानें पुसावें व कोरडें करावें. वंगण हवेंच असेल तर मेणबत्ती रुळाच्या कडेवर हलकेंच घासावी. जपानांतील लोक आपल्या लांकडी सरकत्या दारांच्या खांचांना मेण लावतात, तें उगीच नव्हे. बाजारांत सिलिकोनचा कोरडा फवाराहि मिळतो.

रुळाच्या बाहेरच्या अंगास लहान भोंकें असतात. तीं पाणी जाण्यासाठीं ठेवलेलीं असतात. तीं बुजलीं कीं पाणी घरांत उतरतें, आणि आपण गवंड्याला दोष देतों. हिराच्या केरसुणींतील एक काडी त्यांतून फिरविली म्हणजे काम होतें. मिरगापूर्वीं हें अवश्य करावें.

चाकें झिजलेलीं असल्यास त्यांतील एक नमुन्यादाखल दुकानीं न्यावें आणि दोन्ही चाकें एकदम बदलावींत. त्यांतील लोखंडी भाग आमच्या खाऱ्या हवेंत गंजतो. म्हणून गंजरोधक पोलादाचीं चाकें व स्क्रू मागावे. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या ओलाव्यांत अल्युमिनियमला चिकटून राहिला, कीं दोन धातूंमध्यें विद्युत्-क्रिया सुरू होते आणि अल्युमिनियम खाल्लें जातें. वास्तविक या धातूवर स्वतःच्याच प्राणिदाचा पातळ थर असतो आणि तोच त्याचें रक्षण करतो. विजेच्या साहाय्यानें तो थर जाड करण्याची कृति १९२३ सालीं समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठीं प्रथम मोठ्या प्रमाणावर योजिली गेली. परंतु आम्लानें आणि चुन्यानें तो थर विरघळतो. चतुर्थीपूर्वीं घराला सफेदी करतांना चौकटीवर कागद चिकटवावा. फरशी धुण्याचें आम्ल तर दाराजवळ नेऊंच नये. महिन्यांतून एकदां गोड्या पाण्यानें पुसलें म्हणजे पुरें.

चाकरमानी मंडळींचीं घरें अकरा महिने बंद असतात, आणि तीं दारें सर्वांत आधीं जातात. गणपतीला आलेला गृहस्थ सामान ओटीवर टाकून दाराला हिसका देतो. त्यानें आधीं रूळ झाडावा, चाकांच्या बाजूला खालीं स्क्रू असल्यास तो थोडथोडा फिरवून पाखें उचलतें का पाहावें, आणि मगच हात लावावा. एवढ्यानेंहि न सरकल्यास कारागीर बोलवावा. कांच कड्या प्रतीची असल्यास ती मागाहून कापतां येत नाहीं, म्हणून नवी मागवितांना माप दोनदां घ्यावें. आमच्या घरीं तें माप आतां आमचें कुटुंब घेतें.