शिबिरातील झाडू
(मुदखेड येथे दिलेले भाषण)



राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. नांदेडच्या विद्यापीठातही ती चालते. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजसेवा करावी आणि निवडलेल्या गावी सात दिवसांच्या शिबिरात राहावे, असा तिचा नियम आहे. खर्चासाठी सरकारी अनुदान मिळते, म्हणजे त्यात तुमच्याही घामाचा पैसा आहे.

कित्येक आईबाप विचारतात, धम्म घेतला तेव्हा गावकीचा झाडू टाकून दिला, मग मुलाच्या हाती तो पुन्हा कशाला? प्रश्न रास्त आहे. तो झाडू जन्माने लादलेला होता. शिबिरातील झाडू पाळीपाळीने सर्वांच्या हाती आला पाहिजे. आपलीच मुले गटारावर आणि बाकीची व्यासपीठावर असे दिसले, तर ती वेठच समजावी व कार्यक्रम अधिकाऱ्यास तेथल्या तेथे जाब विचारावा.

पाळी सर्वांची असेल तर मुलांना, आणि मुलींनाही, अवश्य धाडा. मात्र गावपाहणीची वही त्यांनी आग्रहाने मागून घ्यावी. गावचा नळ आणि रस्ता आपल्या वस्तीच्या अलीकडे कोणत्या घरापाशी थांबतो, हे त्या वहीत आपल्या लेकरांच्या अक्षरांत नोंदले जाऊ द्या.