कृष्णाखोऱ्यातली जमीन आणि बदलते हवामान

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी सांगलीपर्यंत किती वेगाने पोचावे, हे पावसाइतकेच वाटेतली जमीन ठरवते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे. तरीही गवताची मुळे, शेवाळे आणि खडकातले खळगे पाणी धरून ठेवतात, ते सावकाश झऱ्यांना सोडतात. दर सात वर्षांनी बहरणाऱ्या टोपली कारवीपासून चिमुकल्या सीतेच्या आसवांपर्यंत इथली फुले पाऊस आणि उघडीप यांच्या मेळावर येतात. हा मेळ बिघडला की बहर हुकतो. अशा सड्यावर खड्डे खणून वृक्षारोपण करणे सरळसरळ घातक आहे.

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा ढगफुटीसारखा कोसळतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींखाली माणसे गेली, आणि २०१९च्या महापुरातून सावरणाऱ्या सांगलीत कृष्णा पुन्हा घरांत शिरली.

जमीनही हवामान घडवते. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के वायू जगभरची जंगले, गवताळ राने आणि माती शोषून घेतात. कोयना-चांदोलीचे जंगल तो खोडाफांद्यांत साठवते. माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर मात्र हा साठा मुख्यतः जमिनीखाली, गवताच्या मुळांशी असतो. म्हणून माळाला पडीक म्हणणे चूक आहे. माळ नांगरला की तो कार्बन हवेत जातो. उजाड डोंगरांवर पुन्हा रान उभे राहू शकते, हे धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने सागरेश्वर अभयारण्यात दिसले.

बागायती पट्ट्यात प्रश्न पाचटाचा आहे. ऊस तुटल्यावर फड पेटवला की पाल्यातला कार्बन तासाभरात धूर होतो आणि वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. तेच पाचट बारीक करून खोडव्याच्या सरीत पसरले, थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाकले, तर ते जागेवर कुजते. सेंद्रिय कर्ब वाढतो, उन्हाळ्यात ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी लागतात.