भर हंगामांत सेनापति बदलतांना

कुरुक्षेत्रावरील युद्ध अठरा दिवस चाललें, आणि तेवढ्या अवधींत कौरवांच्या सेनेनें चार सेनापति पाहिले. भीष्मांच्या वांट्यास दहा दिवस आले, द्रोणांच्या पांच, कर्णाच्या दोन, आणि शल्याला तर एक दिवसहि पुरता लाभला नाहीं. पांडवांचा धृष्टद्युम्न मात्र प्रारंभापासून अखेरपर्यंत आपल्या जागीं होता. दर अभिषेकाच्या वेळीं दुर्योधनाच्या छावणींत शंख-दुंदुभि वाजल्या, आणि आतां विजय आपलाच, असें त्याच्या पक्षास वाटलें. ही कथा सांगतांना एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सेनापति चार झाले. नेमणारा मात्र एकच राहिला.

हल्लीं हाच प्रकार फुटबॉलच्या हंगामांत वारंवार पहावयास मिळतो. ओळीनें चार-दोन सामने हातचे गेले कीं जुन्या प्रशिक्षकास निरोप मिळतो, नव्याचें स्वागत होतें, आणि संघाच्या भवितव्याविषयीं नवीं भाकितें सुरू होतात. याचें कारण शोधावयास फार खोल जावें लागत नाहीं. हंगामाच्या मध्यावर नवे खेळाडू घेण्याची मुदत बहुधा संपलेली असते. वीस-पंचवीस जणांना एका दिवसांत घरीं पाठवितां येत नाहीं, आणि मालक तर स्वतःस काढीत नाहीं. उरतो एक प्रशिक्षक. तोच दोषी असतो म्हणून जातो असें नव्हे. जाण्याजोगा तो एकटाच असतो म्हणून जातो.

भंडारा जिल्ह्यांतील वरठी या गांवीं जें स्थानक आहे त्याला भंडारा रोड असें नांव आहे. मुंबईहून नागपूरमार्गें कलकत्त्यास जाणारा लोहमार्ग याच स्थानकावरून जातो. विदर्भाचा जीव क्रिकेटमध्यें गुंतलेला, त्यामुळें फुटबॉलच्या वार्तेकडे येथें फारसें कोणी कान देत नसेल. परंतु 4 मे 2024 रोजीं या लोहमार्गाच्या दोन टोकांचे संघ एकमेकांपुढें उभे राहिले, आणि त्या सामन्याची कथा वरठीच्या रसिकानेंहि ऐकण्याजोगी आहे. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणावर साठ हजारांवर प्रेक्षकांच्या समोर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. एका बाजूस मोहन बागान, दुसऱ्या बाजूस मुंबई सिटी. नवल असें कीं, या दोन्ही संघांनीं त्याच हंगामांत आपले प्रशिक्षक बदललेले होते.

या स्पर्धेंत त्या वेळीं मान दोन असत. साखळी सामन्यांत सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्यास शील्ड मिळे, आणि त्यापुढील बाद फेरींत जिंकणाऱ्यास चषक. मुंबईला 2022-23 सालीं डेस बकिंगहॅम या इंग्रज प्रशिक्षकानें 46 गुणांसह शील्ड मिळवून दिली होती. पुढील हंगाम ऐन रंगांत येत असतां, नोव्हेंबर 2023 मध्यें, त्याला मायदेशींच्या ऑक्सफर्ड युनायटेड संघाचें बोलावणें आलें आणि तो गेला. कांहीं काळ सहायक अँथनी फर्नांडिस यांनीं संघ सांभाळला. डिसेंबरांत चेक देशाचा पीटर क्रॅट्की आला. जानेवारींत ग्रेग स्टुअर्टसारखा मोहराहि निघून गेला. अशा संघाचें भाकित कोणीहि केलें असतें, आणि तें फारसें आशादायक झालें नसतें.

कलकत्त्याची गोष्ट निराळी. तेथें प्रशिक्षक गेला नाहीं, त्यास घालविण्यांत आलें. हुआन फेरांदो या स्पॅनिश प्रशिक्षकानें 2023 सालीं मोहन बागानला चषक मिळवून दिला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई, गोवा आणि केरळ यांच्याकडून ओळीनें तीन पराभव झाले, आणि जानेवारीच्या आरंभींच त्याची गच्छंति झाली. जागेवर आला तो अंतोनियो हाबास. येथें दैवाची गंमत पहावी. डिसेंबर 2021 मध्यें हाच हाबास याच क्लबमधून हंगामाच्या मध्यावर गेला होता, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चींत फेरांदो येऊन बसला होता!

15 एप्रिल 2024 रोजीं साखळींतील अखेरचा सामना या दोन संघांतच झाला. मुंबईला नुसती बरोबरीहि पुरली असती. मोहन बागाननें 2-1 असा विजय मिळविला आणि 48 विरुद्ध 47 अशा एका गुणानें शील्ड नेली. त्यानंतर उपांत्य फेरीचा पहिला सामना खेळण्यास मुंबईकर गोव्यास गेले. फातोर्ड्याच्या मैदानावर नव्वदावें मिनिट आलें तेव्हां गोवा दोन गोलांनीं पुढें होता. प्रेक्षकांपैकीं कित्येकांनीं घरची वाट धरली असली तर त्यांस दोष देतां येत नाहीं. तेवढ्यांत छांगतेनें एक गोल केला. मिनिटाभरांत विक्रम प्रताप सिंगनें बरोबरी साधली. आणि वाढीव वेळ संपत आला असतां छांगतेनेंच तिसरा गोल चढविला. सहा-सात मिनिटांत 0-2 चे 3-2 झाले. मुंबईला परतल्यावर दुसरा सामना 2-0 असा जिंकून हा संघ कलकत्त्यास पोंचला. तेथें पूर्वार्धाच्या अखेरीस मोहन बागाननें आघाडी घेतली होती, तथापि उत्तरार्धांत मुंबईनें तीन गोल करून चषक उचलला.

नवा प्रशिक्षक आला आणि यश आलें, इतका सरळ हिशेब या कथेवरून मांडण्याचा मोह होतो. परंतु बकिंगहॅम आणि क्रॅट्की हे दोघेहि मुंबईस येण्यापूर्वीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न सिटी या संघांत शिकविण्याचें काम करून आलेले होते, आणि मेलबर्न व मुंबई हे दोन्ही संघ त्या वेळीं एकाच मंडळीच्या मालकीचे होते. गुरुजी बदलले, पण पाठशाळा तीच होती. चेंडू जवळ ठेवून, छोट्या पासांनीं पुढें सरकत, अखेरच्या क्षणापर्यंत चढाई करीत रहावयाचें, ही रीत खेळाडूंच्या अंगीं आधींच मुरलेली होती. मोहन बागानचा हाबासहि घरचाच. तो तेथें तांत्रिक संचालक म्हणून होताच.

गोव्याचा इतिहास या दृष्टीनें फार बोलका आहे. 2017 पासून सर्जियो लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकानें एफसी गोवा संघाला आकार दिला होता. जानेवारी 2020 च्या अखेरीस संघ गुणतक्त्यांत सर्वांच्या वर असतां त्याला निरोप देण्यांत आला. साखळीचे तीन सामने उरले होते. ते गोव्याचेच पूर्वीचे खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्या हातीं सोंपविण्यांत आले. हैदराबादवर 4-1, मुंबईवर 5-2, जमशेदपूरवर 5-0 असे तिन्ही सामने जिंकून गोव्यानें त्या वर्षीं प्रथमच ठेवण्यांत आलेली शील्ड पटकावली. यांत मिरांडा यांचें श्रेय मोठें आहे, पण तें नवें कांहीं रचण्याचें नव्हे. रचलेलें न मोडण्याचें आहे, आणि नव्यानें अधिकार मिळालेल्या माणसाला हा संयम सहसा साधत नाहीं. लोबेराचें काय झालें? तो मुंबईस गेला, गोव्याचे चार बिनीचे खेळाडूहि तेथें पोंचले, आणि 2020-21 मध्यें मुंबईनें शील्ड व चषक दोन्ही जिंकले. गोव्यानें काढलेला माणूस मुंबईला फळला.

दुसऱ्या वेळीं गोव्याचें नशीब तसें नव्हतें. डिसेंबर 2021 मध्यें फेरांदो गोव्याचाच प्रशिक्षक होता. मोहन बागाननें करारांतील ठरलेली रक्कम भरून त्याला भर हंगामांत नेलें. संघाची घडी त्या वर्षीं आधींच विसकटलेली होती. डेरिक परेरा या अनुभवी गोंयकारानें धुरा घेतली, तरी अकरा संघांत गोवा नववा आला. परेरा हे मिरांडांहून कमी जाणते होते काय? मुळींच नव्हे. मिरांडांना तयार संघ मिळाला होता, परेरांना मोडकळीस आलेला.

भंडाऱ्याकडील धानाच्या शेतकऱ्यास हें समजावून सांगावयास नको. परे उपटून रोवणी एकदां झाली कीं मग बांधावर कोणीहि उभा राहो, पीक पुष्कळसें ठरून गेलेलें असतें. बांध फुटूं न देणें आणि पाणी राखणें एवढेंच हातीं उरतें. विदर्भाच्या क्रिकेट संघानें 1957-58 पासून रणजी सामने खेळून साठ वर्षें चषकाची वाट पाहिली. 2017 सालीं चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक म्हणून आले ते हंगाम सुरू होण्यापूर्वीं आले, मध्यावर नव्हे. 1 जानेवारी 2018 रोजीं इंदूर येथें दिल्लीला 9 गडी राखून हरवून विदर्भानें पहिला रणजी करंडक जिंकला, आणि पुढच्या वर्षीं तो राखलाहि.

नवा माणूस येतांच संघ जिंकूं लागतो, हा अनुभव अगदींच खोटा नाहीं. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. ताप टोकाला पोंचला कीं घरचीं माणसें वैद्य बदलतात. त्यानंतर ताप उतरतो, कारण टोकाला पोंचलेला ताप बहुधा उतरावयाचाच असतो. यश मात्र नव्या वैद्याच्या पदरीं पडतें. हॉलंडमधील अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यानें 1986 ते 2004 या काळांतील तेथील फुटबॉलचे निकाल तपासून हेंच दाखविलें. पडत्या काळांत प्रशिक्षकास काढणारे संघ सांवरले खरे, पण तशाच पडत्या काळांत त्याला न काढणारे संघहि जवळपास तितकेच सांवरले. अमेरिकेंत फुटबॉल या नांवाचा जो खेळ चालतो तो निराळाच, चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा. पण घाई तेथेंहि तीच. शिकागो बेअर्स हा 1920 चा जुना संघ. त्यानें पहिल्यांदा भर हंगामांत मुख्य प्रशिक्षक काढला तो 29 नोव्हेंबर 2024 रोजीं. तेव्हां चार विजय आणि आठ पराभव अशी स्थिति होती. हंगाम संपला तेव्हां विजय पांच होते आणि पराभव बारा. उलट पिट्सबर्ग स्टीलर्सनें 1969 ते 2024 या 56 हंगामांत मिळून तीनच मुख्य प्रशिक्षक नेमले.

तरीहि या धरसोडीची एक बाजू अशी आहे कीं, तिच्यामुळें भारतीय माणसाचें भलें झालें. इंडियन सुपर लीग 2014 सालीं सुरू झाली तेव्हांपासून मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची परदेशी माणसासाठीं, आणि शेजारचा पाट देशी सहायकासाठीं, अशी वहिवाट पडली. संघ कोसळला, परदेशी पाहुणा विमानांत बसला, कीं चार दिवसांपुरती देशी माणसाची आठवण व्हावयाची. मिरांडा, परेरा, फर्नांडिस हे सारे या मागच्या दारानेंच आंत आले. 2023 मध्यें ओडिशा संघाच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली, तेव्हां मिरांडांनीं त्याच संघाला सुपर कप जिंकून दिला, आणि त्यानंतर त्यांस जागा मिळाली ती मोहन बागानमध्यें सहायकाची! या व्यवहारांत न्याय कोठें आहे हें शोधूनहि सांपडत नाहीं.

मागच्या दारानें येऊन पुढच्या दालनांत बसले ते खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर खेळून मोठे झालेले हे गृहस्थ अनेक वर्षें मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते, आणि 2017 मध्यें मिझोरमच्या ऐझॉलसारख्या लहानशा संघाला त्यांनीं आय-लीगचें विजेतेपद मिळवून दिलें. एवढें करूनहि सुपर लीगमध्यें ते सहायकच राहिले. जानेवारी 2021 मध्यें नॉर्थईस्ट युनायटेडनें परदेशी प्रशिक्षकास काढलें, तेव्हां संघ तात्पुरता त्यांच्याकडे आला. साखळींत एकहि सामना न हरतां त्यांनीं तो उपांत्य फेरींत नेला, आणि त्याच वर्षीं या लीगमधील पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. जमशेदपूर संघहि त्यांच्याकडे आला तो 2023-24 च्या हंगामाच्या मध्यावरच.

ऑगस्ट 2025 मध्यें भारताच्या राष्ट्रीय संघाची धुरा जमील यांच्याकडे आली. तीहि अर्ध्या वाटेवर. आशियाई चषकाच्या पात्रता फेरींतील दोन सामने मानोलो मार्केझ यांच्या हाताखालीं खेळून झाले होते, त्यांत एक बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव. आणि मार्केझ हे त्या हंगामांत एकाच वेळीं एफसी गोवा व राष्ट्रीय संघ अशीं दोन घरें सांभाळीत होते. प्रारंभ उमेदीचा झाला. मध्य आशियांतील स्पर्धेंत ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर 2-1 असें हरविलें, आणि ओमानवर मात करून तिसरा क्रमांक मिळविला. नव्या माणसाचा गुण येत आहे, असें सर्वत्र बोललें जाऊं लागलें. पुढें सिंगापूरशीं तेथें बरोबरी झाली, आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजीं फातोर्ड्याच्या मैदानावर त्याच सिंगापूरकडून 1-2 अशी हार होऊन चषकाची वाट बंद झाली. महिन्याभरानें ढाक्यास बांगलादेशाविरुद्ध संघ उतरला तेव्हां जिंकण्यानें मिळवावयाचें कांहींच राहिलें नव्हतें, आणि तोहि सामना एका गोलानें गेला. त्या संध्याकाळीं प्रशिक्षकाच्या जागीं जमील हेच उभे होते.