गवताच्या घरातला राखणदार

भाईंदरला खाडीकडे, मिठागरांच्या बाजूला गेलात तर बांधावर खरखरीत गवत दिसतं. खाऱ्या मातीत ते कसं तगतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. कवितेत मात्र गवत पुष्कळ वापरलं!

माझे अब्बा महाडजवळ भात करीत. एका पावसाळ्यात करपा आला. पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके, मधे राखाडी. पुढे लोंबीची मान काळी पडली, दाणा पोचट. त्या वर्षी आम्ही तांदूळ विकत आणला. अब्बा एवढंच म्हणाले, "बुरशीनं खाल्लं." तेव्हापासून बुरशी म्हणजे वैरी, हे माझ्या मनात पक्कं.

पण राजस्थानच्या थर वाळवंटात, वेड्या बाभळीच्या आणि बोरीच्या मुळांजवळच्या मातीत, अजित वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक वेगळीच बुरशी सापडली. 1998 मध्ये तिचं बारसं झालं, पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. बीजाणू नासपतीच्या आकाराचे, म्हणून हे नाव. ती मुळांच्या आत राहते. 2005 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की ही बुरशी जवाच्या मुळांत असली तर मुळं कुजवणारा रोग कमी होतो. जव खारं पाणीही जास्त सोसतो. आणि पानांवरची भुरीसुद्धा कमी होते! आता गंमत पाहा, ही बुरशी पानापर्यंत जातच नाही. मुळातल्या पाहुण्यामुळे रोपाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती जागी होते. जव, भात, गहू ही सगळी गवताचीच भावंडं.

एपिक्लोई नावाची दुसरी बुरशी थंड मुलखातल्या गवताच्या पानांत, देठांत पेशींच्या मधल्या जागेत राहते. बियाण्यातून ती आईकडून लेकीकडे जाते. काही गवतांत ती रोगाला अडवते, किडीलाही हटवते. पण सगळं गोड नाही. अशाच एका गवतावर चरून अमेरिकेत गुरं आजारी पडली. राखणदाराला मालकाची गाय कळत नाही.

गावी धाकटा भाऊ अजून भात लावतो. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेले पोचट दाणे काढतो, मग बुरशीनाशक चोळतो. मी फोनवर विचारलं, "अरे, त्यात आतला राखणदारही मरत असेल का?"

तो म्हणाला, "भाईजान, करपा परत आला तर तुमची बुरशी तांदूळ आणून देणार आहे का?"

त्या वर्षी तो आठ वर्षांचा होता. त्याला सगळं आठवतंय.